पूल भिजतो तेव्हा

शाळेच्या इमारतीला तीस-चाळीस वर्षे झाली असतील तर व्हरांड्याच्या छताकडे एकदा नीट पाहा. कुठे तरी गिलाव्याचा पोपडा निघालेला असतो, त्याच्या कडेने तांबूस डाग पसरलेला असतो आणि मध्ये एखादी गंजलेली सळई उघडी पडलेली दिसते. पावसाळ्यात तिथे ओल येते. उन्हाळ्याच्या सुटीत कोणी तरी सिमेंट लावून खड्डा बुजवतो आणि दोन पावसाळ्यांनी तोच पोपडा, आधीपेक्षा मोठा होऊन, पुन्हा खाली येतो. दोष बहुधा ‘खराब सिमेंट’ला दिला जातो. खरे कारण अनेकदा छताच्या वर, गच्चीवर असते. तिथे पाणी साचते आणि मुरते.

काँक्रीटच्या पुलाची वरची स्लॅब (अभियंते तिला डेक स्लॅब म्हणतात) ही अशीच एक गच्ची असते. फरक एवढाच की आपल्या गच्चीवर ट्रक धावत नाहीत. गच्चीवर आपण विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो, उतार काढतो, पन्हाळी बसवतो. पुलाच्या गच्चीवर काय करतात? जुन्या पुलांच्या बाबतीत याचे उत्तर पुष्कळदा ‘डांबर टाकतात’ एवढेच मिळते. पण रस्त्याचे डांबर मिसळलेल्या खडीचे असते, तिच्यात पोकळ्या असतात आणि त्यांतून पाणी सहज खाली उतरते. म्हणजे डांबराने पाणी थांबत तर नाहीच. उलट वरून ऊन लागत नसल्याने खाली गेलेले पाणी लवकर वाळतही नाही.

पूल पाण्यावरच उभा असतो, त्याला वरच्या पावसाचे काय कौतुक, असे एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न चांगला आहे. खांबांना खालच्या पाण्याचा त्रास होतोच, पण खांब भरभक्कम असतात. डेक स्लॅबची जाडी मात्र बहुधा वीत-दीड वीतच असते, तिच्यातल्या सळ्या पृष्ठभागापासून तीन-चार सेंटिमीटरवर असतात आणि चाकांचा भार प्रथम तिलाच सोसावा लागतो. शिवाय ती भिजते, वाळते, पुन्हा भिजते. घात होतो तो या आलटून-पालटून होण्याने. तो कसा, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहू या.

लोखंड हवेत व पाण्यात गंजते, मग काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षे का टिकते? सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेत भरपूर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना, तयार होतो. काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी त्यामुळे, आणि सिमेंटमधील सोडियम-पोटॅशियममुळे, तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२.५ ते १३.५ च्या आसपास असतो. अशा परिस्थितीत सळईवर लोहाच्या ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या काही पट, एवढीच. या अदृश्य चिलखतामुळे सळई गंजत नाही. हे वर्गात सहज दाखवता येते. तीन परीक्षानळ्यांत घासून स्वच्छ केलेला एकेक खिळा ठेवा. एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी आणि तिसरीत चुन्याची ताजी निवळी भरा. तिसरीला घट्ट बूच लावा, नाहीतर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होऊन तिची अल्कता कमी होईल. आठ दिवसांनी पहिल्या दोन नळ्यांत तांबूस गाळ दिसतो, तिसऱ्यातला खिळा मात्र चकचकीत राहतो.

बूच लावण्याची ही सूचना केवळ प्रयोगापुरती नाही. काँक्रीटला बूच नसते. हवेतील कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, चुन्याचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये करतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. मग सळईवरचे चिलखत विरघळते. हा कार्बोनेटचा थर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतो. पहिल्या दहा वर्षांत तो १ सेंटिमीटर आत गेला असेल, तर २ सेंटिमीटरला पोचायला वीस नव्हे, चाळीस वर्षे लागतील. सळईवरचे काँक्रीट दुप्पट जाड असणे म्हणजे चौपट आयुष्य! बांधकामावर सळईखाली ठेवायचे ठोकळे (कामगार त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात) आळसाने गाळले, तर हेच गणित उलटे चालते.

दुसरा शत्रू अधिक घातकी आहे, तो म्हणजे क्लोराइड. समुद्रकाठी तो वाऱ्याबरोबर येतो. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, तेही चाकांखाली विरघळून डेक स्लॅबमध्ये उतरते. क्लोराइडला सामू कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. चिलखताला तो एखाद्या ठिकाणी सुईसारखे भोक पाडतो आणि तिथे सळई खोलवर खाल्ली जाते. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के क्लोराइड सळईपर्यंत पोचला की धोका सुरू झाला, असे ढोबळमानाने धरतात. काही परिस्थितींत याहूनही कमी पुरतो.

आता भिजण्या-वाळण्याकडे येऊ. गंजण्याची क्रिया ही विद्युत-रासायनिक क्रिया होय. एका जागी लोहाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात जातो, दुसऱ्या जागी ऑक्सिजन व पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात. सळई ही त्यांना जोडणारी तार आणि ओले काँक्रीट हा विद्युत-अपघटनी द्राव. काँक्रीट पूर्ण कोरडे असेल तर मंडल जुळत नाही. पूर्ण बुडालेले असेल तर ऑक्सिजन फारसा पोचत नाही. मधली स्थिती सर्वांत वाईट! त्यातही काँक्रीट वाळताना पाणी उडून जाते पण मीठ मागे राहते. पुढच्या भिजण्यात आणखी थोडे मीठ आत येते. असा पंपच चालू राहतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते. काँक्रीट दाबाला बळकट, पण ताणाला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच, त्यामुळे ते आतून फाटते. व्हरांड्यातला पोपडा असाच निघालेला असतो.

पूर्वप्रतिबलित पुलांमध्ये गोष्ट अधिक गंभीर होते. त्यांतल्या पोलादी तारा सतत जबरदस्त ताणाखाली असतात आणि नळ्यांत बंद असल्याने दिसत नाहीत. सळई गंजली तर पोपडा निघून ती निदान चुगली करते. ही तार मुकाट्याने तुटू शकते. वेल्समधील इनिस-इ-ग्वास हा १९५३ साली बांधलेला छोटा पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी काहीही पूर्वसूचना न देता कोसळला. तुकड्या-तुकड्यांच्या सांध्यांतून झिरपलेल्या खारट पाण्याने तारा खाल्ल्या होत्या. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, ५ जुलै १९८६ रोजी, पणजी येथील मांडवीवरचा पूल पडला. तो तर पुरता वीस वर्षांचाही नव्हता. पुढे काही वर्षे लोकांना फेरीबोटींनी नदी ओलांडावी लागली. तिथेही तारांचे गंजणे हेच कारण सांगितले जाते. मांडवीला केवळ वरच्या गळतीचे उदाहरण मानणे बरोबर होणार नाही, कारण खाडीची खारी हवा चहूबाजूंनी होती. परंतु पाणी व मीठ पोलादापर्यंत पोचले की काय होते, ते गोव्यातल्या एका पिढीने डोळ्यांनी पाहिले.

मग डेक स्लॅबवर छत्री धरायची कशी? रूढ पद्धत अशी. डांबर खरवडून काढतात, काँक्रीट स्वच्छ व कोरडे करतात, त्यावर चिकटवणीचा पातळ लेप देतात आणि मग अभेद्य पडदा बसवतात. हा पडदा म्हणजे बहुवारिक मिसळलेल्या डांबराच्या जाड गुंडाळ्या असतात. ज्योतीने तापवून त्या चिकटवतात. किंवा पॉलियुरेथेनसारख्या रेझिनचा फवारा मारून जागेवरच पडदा तयार करतात. त्यावर पुन्हा रस्त्याचे डांबर. ब्रिटनमध्ये नव्या पुलांना असा पडदा १९६५ पासून सक्तीचा आहे. पद्धत ऐकायला सोपी आहे, पण पडद्याला सांभाळायच्या गोष्टी परस्परविरोधी असतात. तो पाणी अडवणारा हवा आणि काँक्रीटच्या भेगेबरोबर ताणला जाणाराही हवा. वर दीडशे अंश सेल्सिअसचे तापलेले डांबर ओतले तरी वितळता कामा नये. ट्रकने ब्रेक दाबला तर सरकता कामा नये. काँक्रीट ओलसर असताना तो लावला तर खालची वाफ फुगे धरते आणि प्रत्येक फुगा हे उद्याचे छिद्र असते.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या पुलाची पाहणी करण्यासाठी आम्ही गेलो होतो. महिना फेब्रुवारी, चार महिने पाऊस नव्हता. डांबराचा एक चौकोन कोरडाच कापून उचलला, तर खालून पाण्याचा पातळ ओघळ निघाला! पडदा होता, आणि आम्ही लगेच तो फाटला असल्याचा निष्कर्ष काढून मोकळे झालो. तो चुकीचा ठरला. पडदा बहुतेक ठिकाणी शाबूत होता. पाणी निचऱ्याच्या पाइपांभोवती शिरत होते. पाइप बसवताना पडदा कापला होता आणि कडा नीट चिकटवल्याच नव्हत्या. पाइपाचे तोंड पडद्यापेक्षा बोटभर उंच होते, म्हणून डांबराखाली आलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच नव्हती. चांगल्या पडद्याने तिथे पाणी अडवले नव्हते, साठवले होते. तेव्हापासून आम्ही पुलाच्या मध्यभागाकडे शेवटी पाहतो. कडा, पाइप, सांधे यांची पाहणी आधी.

आणि काँक्रीट आतूनच आजारी असेल तर? याचे आमच्या मते सर्वांत बोधक उदाहरण स्वित्झर्लंडमध्ये आहे. जिनिव्हा सरोवराच्या काठाने, शियों नावाच्या जुन्या किल्ल्याच्या वरच्या डोंगरउतारावरून दोन समांतर पूल वळत वळत जातात. प्रत्येकाची लांबी सुमारे २.१ किलोमीटर. ते १९६९ साली पूर्ण झाले. आधी ओतून तयार केलेले पोकळ पेटीच्या आकाराचे तुकडे एकापुढे एक जोडून ते बांधलेले आहेत. २०१२ साली दुरुस्तीचे काम सुरू असताना काँक्रीटमध्ये एका वेगळ्याच दुखण्याची सुरुवातीची लक्षणे आढळली, ती म्हणजे अल्कली-खडी अभिक्रिया.

हे दुखणे प्रथम कॅलिफोर्नियातील टॉमस स्टँटन यांनी १९४० साली ओळखले. काही प्रकारच्या खडीत सिलिका अस्थिर स्वरूपात असते. ज्या अल्कतेने सळई सुरक्षित राहते, तीच अल्कता या सिलिकेशी अभिक्रिया करून एक चिकट जेल बनवते. हे जेल पाणी शोषून फुगते आणि काँक्रीटभर बारीक भेगांचे जाळे पसरते. खडी बदलता येत नाही, सिमेंटमधील अल्कली काढून घेता येत नाही. उरते फक्त पाणी. काँक्रीटमधली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर फुगणे जवळजवळ थांबते. म्हणजे पुन्हा छत्रीच! पण अभिक्रियेमुळे काँक्रीटची ताकद पुढेही काही काळ घटत जाण्याची शक्यता होती, म्हणून नुसती छत्री पुरणार नव्हती. पूल बळकटही करायचा होता, आणि तोही फार वजन न वाढवता.

लोझान येथील तंत्रविज्ञान संस्थेत ऑयगेन ब्र्यूविलर आणि त्यांचे सहकारी यांनी या कामासाठी एक साहित्य अनेक वर्षे अभ्यासले होते: पोलादी तंतू मिसळलेले अतिबलवान काँक्रीट. त्याचा पुलावरचा पहिला वापर २००४ साली मॉर्ज नावाच्या नदीवरील एका लहान पुलावर झाला. हे काँक्रीट पाणी का अडवते, ते पाहण्यासारखे आहे. सिमेंटला अभिक्रियेसाठी त्याच्या वजनाच्या साधारण चाळीस टक्के पाणी पुरते. पण आपण मिश्रण सैल व्हावे म्हणून पन्नास टक्के, कधी त्याहून जास्त पाणी ओततो. जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी केसासारख्या नलिकांचे जाळे राहते. काँक्रीटमध्ये पाणी शिरते ते या नलिकांतून. अतिबलवान काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांवर आणतात. सैलपणा पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर नावाच्या रसायनाने मिळवतात. जाड खडी अजिबात घालत नाहीत, आणि सिमेंटच्या कणांमधल्या फटी सिलिका फ्यूम या अतिसूक्ष्म भुकटीने भरून काढतात. नलिकांचे सलग जाळे बनतच नाही. सगळे सिमेंट वापरले जात नाही, काही कण आत तसेच राहतात. पण जागा तर भरतात!

तरीही ते तडकेल, ही शंका योग्यच आहे. त्यासाठी तंतू असतात. साधारण १३ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर जाडीच्या हजारो पोलादी सुया. साधे काँक्रीट ताणले की एकच भेग पडते आणि ती रुंदावत जाते. इथे भेग पडू लागली की सुया तिला टाके घालतात. मग दुसरीकडे भेग पडते, तिलाही टाके पडतात. एका रुंद भेगेऐवजी असंख्य इतक्या बारीक भेगा होतात की नेहमीच्या वापरात त्यांतून पाणी जवळजवळ जात नाही. आमच्या आजीच्या गोधडीत असे बारीक धावदोरे असत. एक टाका उसवला तरी गोधडी फाटत नसे.

शियों येथे २०१४ च्या उन्हाळ्यात एका पुलावर व २०१५ मध्ये दुसऱ्यावर हे काम झाले. एकाचे काम चालू असताना दोन्ही दिशांची वाहतूक दुसऱ्यावरून नेली. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग प्रचंड दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने खरवडला. हातोड्याच्या यंत्राने तो फोडला असता तर खालच्या भागात नव्या भेगा पडल्या असत्या. त्यावर सळ्या अंथरून अवघ्या चार ते पाच सेंटिमीटर जाडीचा थर यंत्राने पसरला. आता एक हिशेब विद्यार्थ्यांना घालता येईल. लांबी २१०० मीटर, रुंदी सुमारे १२ मीटर, पूल दोन, सरासरी जाडी ४.५ सेंटिमीटर. उत्तर सव्वादोन हजार घनमीटरच्या थोडे वर येते. चार किलोमीटरहून अधिक लांबीच्या पुलांना दिलेले हे औषध! दर चौरस मीटरला वजन वाढले ते एकशे दहा किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसे उभी राहिल्याइतके. शिवाय थर स्लॅबशी एकजीव झाल्याने तो स्लॅबच्या वरच्या भागातला ताणही घेतो.

हे साहित्य सर्वत्र वापरावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यात घनमीटरमागे नेहमीच्या दुपटीहून अधिक सिमेंट लागते आणि सुयांचा खर्च मोठा असतो. मिश्रण उतारावर न वाहता राहावे लागते आणि ओले असताना झाकून जपावे लागते. साध्या, निरोगी स्लॅबला नीट बसवलेला पडदा आणि साफ राखलेले पाइप पुरतात. आणखी एक मर्यादा आहे. क्लोराइड आधीच सळईपर्यंत पोचला असेल, तर वरून छत्री धरून तो बाहेर येत नाही. ओल हळूहळू कमी झाल्याने गंजण्याचा वेग घटेल, पण मिठाने भरलेले काँक्रीट काढून टाकल्याशिवाय खात्री देता येत नाही. म्हणून वॉटरप्रूफिंगचा उत्तम काळ म्हणजे पोपडा निघण्याच्या आधीचा. नेमक्या त्याच काळात पूल सुदृढ दिसतो आणि त्यासाठी पैसे मागणाऱ्याला कोणी उभे करत नाही.

पूल सुदृढ आहे की नाही, हे ओळखण्याचा एक साधा मार्ग शाळेजवळच्या पुलाखाली मिळेल. उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना, विद्यार्थ्यांना घेऊन खालून स्लॅबकडे पाहा. सांध्यांजवळ आणि पाइपांच्या बाजूला कुठे कुठे पांढरे ओघळ दिसतील, क्वचित बोटाएवढे लोंबतेही. वरून मुरलेले पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवून खाली आणते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड त्याचे कॅल्शियम कार्बोनेट करतो. गुहांमध्येही कॅल्शियम कार्बोनेटचे असेच झुंबर लोंबते. प्रत्येक ओघळ म्हणजे वरच्या गळतीचा पत्ता. वहीत पुलाचे चित्र काढून ओघळांच्या जागा आणि तांबूस डाग खुणेने दाखवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तेच चित्र घेऊन पुन्हा जावे. खाली पडलेला काँक्रीटचा एखादा तुकडा मिळाला तर तो शाळेत आणून फोडा. ताज्या भंगावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण टाकले की जिथे गुलाबी रंग येईल तिथे अल्कता शिल्लक आहे, जिथे येणार नाही तिथे ती संपली आहे. रंगहीन पट्टीची जाडी मोजून घ्या. पांढऱ्या ओघळाचा तुकडा असेल तर त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडा, तो फसफसेल.